भांग, गांजा आणि औषध : कायदा नक्की काय सांगतो?

औषधवाला_सोलापूर (धागाकर्ता)

ऑगस्ट २०२१ मधली बातमी आपल्याकडच्या बहुतेकांना आठवत असेल. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. कुठल्याच पिकाला भाव राहिला नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून १६ तारखेपासून लागवड करतो. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं, बातमी देशभर फिरली आणि विरली.

माझ्याकडे मात्र त्या विषयाची चौकशी थांबलेली नाही. पूर्वभागात माझं मेडिकल आहे. मोबाइलवर 'विजया तेला'च्या (विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग) जाहिराती यायला लागल्यापासून गिऱ्हाईक विचारतं, "भांगेचं तेल ठेवता का?", "कॅन्सरवर चालतं म्हणे", "आता सरकारनं मोकळं केलंय ना?" विचारणाऱ्यांच्या हातात बऱ्याचदा बार्शीच्या किंवा मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलची फाइल असते. अशा माणसाला "माहीत नाही" म्हणून परत पाठवणं मला जमत नाही आणि काउंटरवर दोन वाक्यांत सांगण्यासारखा हा विषय नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. भांग आणि गांजा ज्या एकाच झाडापासून येतात, त्या वनस्पतीच्या औषधी वापराला आपल्या कायद्यानं कधीच पूर्ण बंदी घातली नव्हती. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ८ मध्ये 'वैद्यकीय आणि शास्त्रीय' कारणांसाठीचा अपवाद पहिल्यापासून आहे. पण त्या अपवादाचा उपयोग रुग्णाला व्हायचा तर प्रमाणित औषध हवं, ते लिहून देणारा जाणता डॉक्टर हवा, ते ठेवायची मुभा असलेला दुकानदार हवा आणि या सगळ्यांना संरक्षण देणारे सुटसुटीत नियम हवेत. ते उभं करायचं राहून गेलं. मॉर्फिन या अफूपासूनच्या वेदनाशामकाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं आणि त्याची किंमत कॅन्सरच्या रुग्णांनी वर्षानुवर्षं वेदना सोसून मोजली.

आता थोडं मागं जाऊ. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात संकटातून सोडवा म्हणून ज्या पाच वनस्पतींना साकडं घातलंय, त्यांत सोम, दर्भ, जव यांच्या जोडीला भांग आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर या एका ओळीवरून "ऋषींनी कॅन्सर बरा केला होता" इथपर्यंत मजल जाते. ते खरं नाही. औषध म्हणून भांगेचं नीट वर्णन येतं ते मध्ययुगीन ग्रंथांत. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ती कफ हरणारी, जुलाब बांधणारी, अन्न पचवणारी आणि भूक वाढवणारी सांगितली आहे, आणि त्याच श्लोकात मोह आणि मद आणणारीही. लिहिणाऱ्यानं गुण आणि धोका वेगळे केले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

आधुनिक वैद्यकात ही वनस्पती गेली ती कलकत्त्याहून. विल्यम ब्रूक ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवत होता. त्यानं १८३९ मध्ये गांजाच्या अर्कांवरचा निबंध वाचला. आधी लोक कसा वापर करतात ते विचारलं, पंडित मधुसूदन गुप्तांसारख्या जाणकारांकडून संस्कृत ग्रंथांतले संदर्भ घेतले, मग कुत्र्यांवर आणि इतर प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यानंतरच संधिवात, कॉलरा, धनुर्वात, पिसाळलेलं कुत्रं चावलेले रुग्ण यांना अर्क दिला. कुत्रं चावलेला रोगी वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले, हे त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं. धनुर्वाताच्या झटक्यांवर मात्र त्याला चांगला गुण दिसला. (हाच माणूस पुढे भारतातल्या तारायंत्राचा जनक ठरला. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार त्याचीच.) तो विलायतेला परतताना अर्काचं सामान घेऊन गेला, लंडनच्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्यानं त्यापासून टिंक्चर बनवलं आणि पाहता पाहता 'इंडियन हेम्प' तिकडच्या दवाखान्यांत रुळला. व्हिक्टोरिया राणीचे एक वैद्य जे. रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्या तीस वर्षांच्या अनुभवावर लेख लिहिला, त्यात त्यांनी बजावलं होतं की प्रत्येक नमुन्याची ताकद वेगळी असते, तेव्हा अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करा.

हीच अडचण पुढे त्याला भोवली. अर्काची ताकद एकसारखी येईना. तो पाण्यात विरघळत नसल्यानं इंजेक्शनातून देता येईना. तोवर अ‍ॅस्पिरिन आणि झोपेची नवी औषधं आली होती. १९३२ मध्ये ब्रिटिश फार्माकोपियातून (अधिकृत औषधकोशातून) आणि १९४२ मध्ये अमेरिकन फार्माकोपियातून हे औषध गेलं. त्याच सुमारास कायदाही आवळत होता. १९२५ च्या जिनिव्हा अफू करारात इंडियन हेम्प घातलं गेलं, १९३७ मध्ये अमेरिकेनं कराचा कायदा करून त्याचा वापर जवळपास बंद पाडला.

आपल्याकडे या मधल्या काळात एक मोठं काम झालं, ज्याची आठवण फार कमी लोकांना आहे. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उठला की हिंदुस्थानात गांजानं लोक वेडे होतात, त्यावर बंदी घाला. सरकारनं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगानं ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांचे कागद नुसते वाचले नाहीत, "गांजामुळे वेड" अशी नोंद असलेल्या रुग्णांची एकेक करून फेरतपासणी केली, आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी निव्वळ ऐकीव निघाल्या. १८९४ च्या सात खंडांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की माफक वापरानं फारसं नुकसान होत नाही, अतिरेकानं होतं. बंदी नको, परवाने आणि कर ठेवा. बंगालात नौगाव, मध्य प्रांतात खांडवा, मुंबई इलाख्यात आपल्या शेजारचं नगर ही तेव्हा गांजाच्या सरकारी परवानगीच्या लागवडीची ठिकाणं होती.

१९६१ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारानं चित्र बदललं. त्यात गांजा आणि चरस हेरॉइनच्या शेजारी, सगळ्यात कडक अशा चौथ्या अनुसूचीत बसवले गेले. भारतासारख्या देशांना जुन्या चालीरीती बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. भांगेची पानं मात्र व्याख्येबाहेर राहिली. त्या मुदतीच्या आत, १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपला एनडीपीएस कायदा लागू झाला.

आणि २ डिसेंबर २०२० रोजी व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रसंघाच्या अमली पदार्थ आयोगात मतदान होऊन या वनस्पतीला त्या सगळ्यात कडक अनुसूचीतून काढलं. २७ विरुद्ध २५, एक तटस्थ. भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. "सरकारनं मोकळं केलं" हा समज तिथून पसरलाय. प्रत्यक्षात ती पहिल्या अनुसूचीत अजून आहे आणि आपल्या देशातला कायदा त्या मतदानानं एका अक्षरानंही बदललेला नाही.

जाणकारांनी भर घालावी. वकील, वैद्य, डॉक्टर सगळे इथे आहेत.

निवृत्त_जमादार

लेख आवडला. पण दुसरी बाजू लिहिणं माझं कर्तव्य आहे. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरचा माल हैदराबादहून पुण्या-मुंबईकडे जातो तो आपल्या सोलापूरवरूनच. आम्ही ट्रकच्या चोरकप्प्यांतून, नारळाच्या पोत्यांखालून, लक्झरी बसच्या डिकीतून पुडे काढलेत. पकडली जायची ती बहुतेक वेळा विशीतली पोरं. दोन-चार हजारांसाठी पिशवी पोहोचवणारी. मालक कधी हाती लागला नाही. अशा पोरांच्या आया चौकीबाहेर बसलेल्या मी पाहिल्यात.

तेव्हा 'औषध' हा शब्द वापरताना फार जपून वापरा. शहरातली कॉलेजची पोरं हेच वाचून सांगतात की ही तर वनौषधी आहे, दारूपेक्षा बरी.

औषधवाला_सोलापूर

काका, तुमच्या काळजीशी मी पूर्ण सहमत आहे. म्हणूनच पुडीतला गांजा आणि बाटलीतलं औषध यांत अंतर ठेवणारी व्यवस्था मागतोय. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात देशातल्या साधारण ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं आढळलं, म्हणजे २.८ टक्के. यातले सुमारे २५ लाख त्याच्या आहारी गेलेले. वनस्पती आहे म्हणून निर्धोक, असं मी कधीही म्हणणार नाही.

बार्शीचा_वकील

कायद्याचं मी सांगतो, कारण यात लोक हमखास फसतात.

एनडीपीएसच्या कलम २ मध्ये तीन गोष्टी येतात. चरस म्हणजे झाडापासून वेगळा काढलेला राळेसारखा चीक, त्यात त्याचं घट्ट तेलही आलं. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. बिया आणि पानं शेंड्यासोबत नसतील तर ती गांजात मोजायची नाहीत. तिसरं, या दोहोंचं मिश्रण. नुसत्या पानांची भांग या व्याख्येत बसत नाही. गांजा म्हणून पकडलेल्या मालात पानं, देठ, बिया सगळं एकत्र तोललं होतं का, यावर उच्च न्यायालयांत जामिनाच्या वेळी कायम वाद होतो तो यामुळेच.

आता सगळ्यांच्या नजरेतून निसटणारा मुद्दा. बनारसला किंवा जैसलमेरला सरकारमान्य भांगेचं दुकान आहे म्हणजे सोलापुरातही चालेल असं नाही. पानांवर नियंत्रण राज्यांचं आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आधी मुंबईचा, आता महाराष्ट्राचा. त्यात भांग मादक पदार्थांत मोडते. परवान्याशिवाय बाळगणं, बनवणं, विकणं हा गुन्हा आहे, महाशिवरात्र असो की होळी.

शिक्षा: गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प मात्रा', एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त म्हणजे 'व्यापारी मात्रा', दहा ते वीस वर्षं आणि किमान एक लाख दंड, शिवाय कलम ३७ मुळे जामीन मिळणं महाकठीण. चरसाची अल्प मात्रा फक्त १०० ग्रॅम. ही प्रतवारी २००१ च्या दुरुस्तीनं आली. त्याआधी थोड्या मालासाठीही जबर शिक्षा होत्या.

आणि शेतकरी बांधवांसाठी: लागवडीला ही प्रतवारी नाही. उसात चार झाडं सापडली काय अन् चारशे काय, शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड लाखापर्यंत जाऊ शकतो. झाडं किती यावर न्यायाधीश शिक्षा ठरवताना विचार करतील, पण गुन्हा तोच. "आपोआप उगवलं होतं" हा बचाव कोर्टात सिद्ध करावा लागतो.

कलम १० नुसार राज्य सरकार वैद्यकीय वापरासाठी लागवड आणि उत्पादनाला परवानगी देणारे नियम करू शकतं. कलम १४ नुसार धागा आणि बी यांसाठी औद्योगिक लागवडीला परवानगी देता येते. मोहोळच्या अर्जातला मजकूर कुठल्याच कलमात बसत नव्हता, त्यामुळे 'उत्तर नाही म्हणजे होकार' हे कायद्यात टिकणारच नव्हतं.

वैद्यबाई

औषधवालादादा, भावप्रकाशाचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. त्याच्याही आधी शार्ङ्गधरसंहितेत 'व्यवायी' द्रव्यांचं उदाहरण म्हणून भांग आणि अफू ही जोडी दिली आहे. व्यवायी म्हणजे आधी सगळ्या अंगात पसरतं आणि नंतर पचतं. आजच्या परिभाषेत तंतोतंत बसवायचा अट्टहास मी करत नाही, पण वैद्यांनी निरीक्षण किती बारकाईनं केलं होतं ते यातून कळतं. चरक-सुश्रुतात ही वनस्पती औषध म्हणून ठळकपणे येत नाही, हे आमच्या क्षेत्रातल्यांनीही मान्य करायला हवं.

आम्ही विद्यार्थी असताना रसशाळेत जातीफलादि चूर्ण बनवलेलं आहे. त्यात जायफळ, लवंग, वेलची वगैरेंसोबत भांगेचा वाटा बराच मोठा असतो. ग्रहणी, जुनाट अतिसार यांत देतात. पण भांग तशीच घालत नाहीत. हिरवं पाणी सुटायचं थांबेपर्यंत पानं धुवायची, वाळवायची, मग गाईच्या तुपात मंद भाजायची. काही ठिकाणी बाभळीच्या काढ्यात उकळून घेतात. शोधन झाल्याशिवाय भांग औषधात जात नाही.

कायद्याच्या अंगानं: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४०, त्याखालच्या १९४५ च्या नियमांची अनुसूची ई(१). विषारी द्रव्यांच्या त्या यादीत भांग आहे, बिया सोडून. म्हणजे अशा आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर "वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे" असा इशारा छापावाच लागतो. ऑनलाइन तेलं बाजारात येतात ती याच मार्गानं. पानांचा अर्क, आयुर्वेदिक उत्पादनाचा राज्याचा परवाना आणि वैद्याची चिठ्ठी. माझी हरकत चिठ्ठीच्या पद्धतीला आहे. फोनवर दोन मिनिटांत, नाडी नाही, आधीची औषधं विचारलेली नाहीत, आणि चिठ्ठी हजर. याला मी वैद्यकी मानत नाही. आपल्या शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी रुग्ण समोर बसवून तपासायची सोय असताना लोकांनी असं का करावं?

ओवीची_आई

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, वजन २० किलो. तिला लेनॉक्स-गॅस्टॉ नावाचा फिटचा आजार आहे. तीन औषधं चालू आहेत, तरी दिवसातून कितीतरी वेळा ती अचानक पडते, डोक्याला हेल्मेट घालून ठेवतो. एका ग्रुपवर कळलं की परदेशात भांगेचं औषध या आजारावर मान्य आहे. मी ते ऑनलाइन तेल मागवलंय, अजून दिलेलं नाही. बाटलीवर ३० मिलीत १००० मिलिग्रॅम असं लिहिलंय. देऊ का? कृपा करून कोणी रागावू नका, आम्ही खूप थकलोय.

वेदनामुक्ती (डॉक्टर)

ताई, रागावण्यासारखं यात काही नाही. तुम्ही देण्याआधी विचारलंत.

तुम्ही ऐकलं ते खरं आहे. या वनस्पतीतला सीबीडी हा घटक वेगळा काढून, शुद्ध करून केलेलं एपिडिओलेक्स नावाचं औषध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २५ जून २०१८ रोजी लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रॅव्हे या दोन आजारांसाठी मान्य केलं, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या तिसऱ्या आजाराची भर घातली. सीबीडीनं नशा होत नाही. ती टीएचसी या दुसऱ्या घटकानं होते. ड्रॅव्हेच्या १२० मुलांवरची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्या गटात महिन्याला झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली, नुसतं गोड द्रावण घेणाऱ्यांत १४.९ वरून १४.१. झटके पूर्ण थांबले ते शंभरातल्या पाच मुलांचे. मदत होते, पण जादू नाही, आणि चालू औषधं बंद करून तर अजिबात द्यायचं नाही.

आता तुमच्या बाटलीचा हिशेब. त्या औषधाची सुरुवातच दर किलोला रोज ५ मिलिग्रॅमनं होते, पुढे १०, गरजेनुसार २० पर्यंत. ओवीच्या वजनाला रोज १०० पासून ४०० मिलिग्रॅम. तुमची अख्खी बाटली १० च्या मात्रेला पाच दिवस पुरेल. म्हणजे जाहिरातीतल्या 'रोज पाच थेंबां'नी तिला बहुधा काही गुणच येणार नाही. आणि १००० मिलिग्रॅम म्हणजे नक्की कशाचे? सीबीडीचे की सगळ्या अर्काचे? त्यात टीएचसी किती? लहान मुलाच्या वाढत्या मेंदूसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दोन गोष्टी न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर सीबीडीसोबत लिव्हरवर ताण येतो, रक्त तपासून सुरू करावं लागतं. क्लोबाझाम हे दुसरं फिटचं औषध चालू असेल तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून मूल गुंगीत जातं, मात्रा जुळवावी लागते. बाटली घेऊनच त्यांच्याकडे जा. लपवू नका.

पद्मशाली_पोरगा

डॉक्टर, माझी आई चाळीस वर्षं विड्या वळतेय. मान, खांदे, पाठ सगळं धरतं. पेनकिलर खाऊन पोटाला त्रास झाला. तिला या तेलाचा उपयोग होईल का? इथल्या विडी घरकुलात निम्म्या बायकांची हीच तक्रार आहे.

वेदनामुक्ती (डॉक्टर)

इथे माझं उत्तर वेगळं आहे. अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीजनं २०१७ मध्ये मोठ्यांच्या जुनाट दुखण्यावर भरीव पुरावा असल्याचं म्हटलं होतं. नंतर जास्त काटेकोर पाहिल्यावर सूर बदलला. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१९ मध्ये जुनाट दुखण्यासाठी शिफारस करायला नकार दिला. वेदनाशास्त्राच्या जागतिक संघटनेनंही २०२१ मध्ये पाठिंबा दिला नाही, कारण चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या. म्हणजे विडीच्या सुपावर वर्षानुवर्षं मान वाकवून आलेल्या दुखण्यावर दोन-तीन हजारांचं तेल घ्या, असं मी सांगणार नाही. सिव्हिलमध्ये फिजिओथेरपी विभाग आहे. बसण्याची उंची, पाठीला टेकू, तासातासानं उठणं यांतून जास्त फरक पडेल. पेनकिलरनं पोट बिघडत असेल तर ते बदलता येतं, त्यासाठी दाखवून घ्या.

पुरावा चांगला आहे त्या जागा मोजक्या आहेत: वर सांगितलेले फिटचे आजार, केमोच्या उलट्या (यासाठी टीएचसीसारखी कृत्रिम औषधं अमेरिकेत १९८५ पासून आहेत, तीही इतर औषधं हरल्यावर), आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातली स्नायूंची आखड, ज्यावरचा तोंडात मारायचा फवारा ब्रिटननं २०१० मध्ये मान्य केला. कॅन्सरची गाठ माणसात विरघळते याचा पुरावा नाही. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालयात उपचार चालू असताना ते सोडून तेलाच्या मागे लागू नका, ही हात जोडून विनंती. घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर टीएचसीपासून चार हात लांब राहा.

आणि धागाकर्त्यांच्या मॉर्फिनच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. जगाला औषधी अफू पुरवणारा आपला देश, आणि १९८५ नंतर इथल्याच रुग्णालयांतून मॉर्फिन दिसेनासं झालं. एकेका खरेदीला चार-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, कारकुनी चुकीला तुरुंगाची भीती. डॉक्टरांनी ठेवणंच सोडलं. मॉर्फिन लिहायला न शिकता डॉक्टरांची अख्खी पिढी बाहेर पडली. पॅलिएटिव्ह केअरमधल्या (असाध्य रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या) लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ ची दुरुस्ती झाली. 'अत्यावश्यक अमली औषधं' असा वर्ग तयार झाला, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधांना देशभर एकच नियम आणि एकच परवाना. कायदा सैल झाला नाही, तस्कराला शिक्षा तीच राहिली. रुग्णाची वाट तेवढी वेगळी काढली.

मोहोळचा_बागायतदार

सगळं वाचलं. अर्ज करणाऱ्याला नावं ठेवणं सोपंय. कांदा मार्केट यार्डात नेऊन भाड्याचेसुद्धा पैसे सुटले नाहीत की माणूस काय करंल? डाळिंब तेल्यानं गेलं, ऊस घातला तर बिलाची वाट बघायची. आम्हाला नशेचं पीक नकोच हाय. पण ते उत्तराखंडात हेम्प लावतात, हिमाचलात चाललंय म्हणतात, ते आमच्या माळरानावर का नको? साहेब लोकांनी नीट सांगा.

बार्शीचा_वकील

पाटील, प्रश्न रास्त आहे. उत्तराखंडनं २०१८ पासून कलम १४ खाली औद्योगिक हेम्पला, म्हणजे धागा-बियांसाठीच्या, नशा जवळपास नसलेल्या भांगेला परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी की टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे. हिमाचलात सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेनं समितीचा अहवाल स्वीकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पालमपूर आणि नौणीच्या कृषी विद्यापीठांना प्रायोगिक अभ्यास करायला सांगितलं. जम्मूत सीएसआयआरच्या प्रयोगशाळेनं औषधासाठी परवानगीनं लागवड करून संशोधन चालवलंय. महाराष्ट्रात शेतकऱ्याला अर्ज करता येईल अशी चालती योजना नाही.

धोका कुठे आहे तो ऐका. वाण चुकला किंवा पिकावर ताण पडला आणि टीएचसी ०.३ च्या वर गेलं, की माल नष्ट करावा लागतो. म्हणजे आधी आपल्या उन्हात, आपल्या जमिनीत टिकणारं प्रमाणित बियाणं लागतं. ते राहुरीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थेनं परवाना घेऊन करून पाहायचं काम आहे. एकट्या शेतकऱ्यानं दोन एकर पणाला लावायचं नाही.

औषधवाला_सोलापूर

यात एक जोड. बियांचा विषय वेगळा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न नियामक संस्थेनं हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत आणि तेलात १० च्या आत हवं. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी करतात, आपल्याकडे कारळाची करतात तशी. लोक हे बियांचं तेल घेऊन औषध समजतात आणि फसतात. बियांत सीबीडी जवळपास नसतो. पोषण म्हणून चांगलं, फिटवर किंवा दुखण्यावर शून्य.

कोणी विजया तेल घेणारच असेल तर निदान एवढं पाहा: आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल, त्यात सीबीडी आणि टीएचसी वेगवेगळे लिहिलेत का, आणि प्रत्यक्ष तपासून दिलेली चिठ्ठी. यातलं एक जरी नसलं तर पैसे खिशात ठेवा.

आणि माझी मागणी डॉक्टरांनी अर्धी मांडलीच आहे. २०१४ ला अफूच्या औषधांसाठी जे केलं ते या वनस्पतीच्या मोजक्या सिद्ध औषधांसाठी करा. कलम १० चे नियम राज्यानं लिहावेत, ठरावीक आजार, ठरावीक तज्ज्ञ, ठरावीक दुकानं, नोंदवही आणि तपासणी. मी माझ्या दुकानात आजही कडक अनुसूचीतली औषधं कुलपात ठेवतो, प्रत्येक गोळीचा हिशेब देतो. हेही ठेवीन. ओवीसारख्या लेकराच्या आईला बेभरवशाची बाटली कुरिअरनं मागवावी लागते, हे मला सहन होत नाही. औषध विक्रेत्यांच्या जिल्हा संघटनेच्या पुढच्या बैठकीत ठराव मांडतोय. वकीलसाहेब, मसुदा तपासून द्याल का?

बार्शीचा_वकील

जरूर. पाठवा.

निवृत्त_जमादार

नोंदवही, ठरावीक डॉक्टर, कुलूप, असं असेल तर माझा विरोध नाही. ठरावात एक कलम माझ्याकडून घाला: औषध परत आलं किंवा रुग्ण गेला तर उरलेली बाटली जमा करून घ्यायची आणि पंचांसमोर नष्ट करायची. गळती तिथून होते.

ओवीची_आई

काल न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन आले. व्हॅल्प्रोएट चालूच आहे, त्यामुळे आधी लिव्हरची तपासणी सांगितली. बाटली पाहिली, प्रयोगशाळेचा अहवाल नाही म्हणून देऊ नका म्हणाले. शुद्ध औषधासाठी काय करता येईल ते बघून कळवणार आहेत. तपासणीचा रिपोर्ट आला की इथे लिहीन. डॉक्टर, तुमचा हिशेब मी कागदावर उतरवून नेला होता, त्यांनी तोच पुढे धरून समजावलं.

जुळे_सोलापूरकर

छोटा प्रश्न. माझा भाऊ बँकॉकहून येतोय. तिकडे दुकानात गमीज आणि तेल सहज मिळतं म्हणतो. वडिलांच्या गुडघ्यांसाठी दोन डब्या आणल्या तर चालतील ना? तिकडचं बिल आहे.

बार्शीचा_वकील

नाही. थायलंडनं २०१८ मध्ये औषधी वापर मान्य केला, जून २०२२ मध्ये झाडच अमली पदार्थांच्या यादीतून काढलं आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तिकडे काहीही असो, भारतात उतरल्यावर आपला कायदा लागू. परवान्याशिवाय आणणं म्हणजे कलम २३ खाली आयात, आणि घट्ट तेल चरसाच्या व्याख्येत मोजलं जाऊ शकतं. बिल दाखवलंत तर तो तुमच्याच विरुद्धचा पुरावा होईल. भावाला आजच फोन करा, विमानात बसायच्या आधी.